चेहऱ्यांचा गाळा

आमच्याकडे लग्नात जिलेबी संपली तर पाहुणे कुरकुरतात आणि आठवड्यात विसरतात. पण माईकवर एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं, तर तो राग नातवंडांपर्यंत पोचतो. नारायणगावच्या एका लग्नात माजी सरपंचांच्या आधी आताच्या सरपंचांचं स्वागत झालं, तर माजी सरपंच आहेराचं पाकीट खिशात तसंच ठेवून न जेवता परत गेले. तेव्हा माईक माझ्या हातात नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून असली चूक झाली नव्हती.

मी सुनील, अवसरी बुद्रुकचा. मंचरला मंडप आणि स्पीकर भाड्यानं देतो, पण जुन्नर-आंबेगावात लोक मला ओळखतात ते निवेदक म्हणून. मुहूर्ताच्या आधी तासभर स्टेजच्या कोपऱ्यात उभं राहायचं, दारातून आत येणाऱ्याकडे बघायचं, आणि गुलाबपाणी अंगावर घेऊन तो चार पावलं चालेपर्यंत त्याचं नाव, गाव, हुद्दा सगळं म्हणून मोकळं व्हायचं. "वधूपित्याच्या वतीनं सहर्ष स्वागत!" आपलं नाव ऐकलं की माणूस टोपी सारखी करतो. बघतो नाकासमोर, पण कान इकडे असतो. ते बघायला मला फार आवडायचं. माझं पोट मंडपावर भरत होतं, पण मी जगत होतो त्या टोपी सारखी करण्यावर.

माईक माझ्या हातात पहिल्यांदा दिला तो कुंडलिक तात्यांनी. आमच्याच आळीतले, माझ्या आधीचे निवेदक. तपकिरी कोट, कपाळावर तिरकी टोपी, खिशाला पितळी टोपणाचं पेन. मी विशीत असताना त्यांनी मला स्टेजवर ओढलं आणि म्हणाले, "सुन्या, भाषान कुनीबी करतंय. तू तोंडं बघ. मानूस दारात आला की त्याला वाटलं पायजे, ही मंडळी माजीच वाट बगत व्हती."

मागच्या वर्षी गणपती उठल्यावर दोन दिवसांनी सकाळी माझं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, आणि डावीकडचं वरचं दिसेनासं झालं. पुण्याला नेलं. मेंदूच्या मागच्या भागात रक्तवाहिनी तुंबली होती. हातपाय शाबूत राहिले, वाचा शाबूत राहिली. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. मी मात्र खाटेवर पडल्या पडल्या बघत होतो, की ही सगळी माणसं कोण आहेत.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी एकेक चित्र समोर धरलं. कढई. खुर्ची. बैल. कांदा. मी फटाफट सांगितलं, वर कांदा गरवा आहे की हळवा तेही सांगू का म्हणून विचारलं. त्या हसल्या. मग त्यांनी एक फोटो धरला.

"बाई आहे," मी म्हणालो. "पन्नाशीच्या आतबाहेरची. कपाळाला मोठं कुंकू. नाकात मुरणी."

"ओळखीच्या आहेत का?"

कपाळ, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी होतं. पण त्या सगळ्याचं मिळून कोणी होत नव्हतं. "नाही," मी म्हणालो. माझ्या पाठीमागे बांगड्या वाजल्या. माझी बायको रत्ना तिथं उभी होती, आणि तो फोटो तिचा होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्याला वाटतं डोळा बघतो. डोळा नुसता माल उतरवतो. तो माल डोक्याच्या मागच्या बाजूला जातो आणि तिथून मंचरच्या मार्केट यार्डासारखी त्याची वाटणी होते. रंग एका गाळ्यावर, हालचाल दुसऱ्या गाळ्यावर, वस्तू तिसऱ्या. चेहऱ्यांचा गाळा वेगळा असतो, उजव्या कानाच्या मागं खालच्या अंगाला. माझ्या त्या एका गाळ्याचं शटर पडलं होतं. चेहरे रोज येत होते, पण उतरवून घ्यायला तिथं कोणी नव्हतं.

त्यांनी माझ्या बोटांना तारा लावून आणखी एक तपासणी केली. हाताला सुटणारा घाम ते यंत्र मोजतं. अनोळखी फोटोंना पडद्यावरची रेघ सरळ जायची आणि रत्नाचा फोटो आला की उडी मारायची. "तुमच्या मेंदूतली एक वाट यांना अजून ओळखते," त्या म्हणाल्या. "फक्त ती खबर तुमच्यापर्यंत येत नाही." बरं कधी होईल, असं मी विचारलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "खुणांवर ओळखायला शिका. आवाज, चाल, कपडे."

रडलो मी. लपवायचं काय त्यात? डोळे गेले असते तर लोकांनी हात धरून नेलं असतं. पण डोळे ठणठणीत, चष्म्याचा नंबरसुद्धा वाढलेला नाही, आणि सख्खा साडू समोर आला तरी मी त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघणार. हे कोणाला पटणार होतं? गावात महिनाभरात बोललं जायला लागलं, की सुन्याला माज आला. कोणी म्हणालं मोतीबिंदू असेल, शिबिरात काढून घे. मी सगळ्यांना हो हो म्हणत गेलो. खरं सांगितलं असतं तर त्या दिवशीच माईक गेला असता. तोंडं न ओळखणारा निवेदक कोण बोलावणार?

उपाय रत्नानं काढला. "तुमच्या कानात त्ये बारकं यंत्र घालायचं, मोबाईलचं," ती म्हणाली. "मी दारात हळदीकुंकवाचं ताट घिऊन उबी ऱ्हाते. आत येनाऱ्याचं नाव मी सांगते, तुमी बोला."

असं आम्ही चौदा लग्नं काढली. ती पुटपुटायची, "हिरवा शर्ट, कळंबचा पोल्ट्रीवाला, मागल्या निवडणुकीत पडलाय, त्ये काढू नका," आणि मी गरजायचो, "कळंबचे प्रसिद्ध पोल्ट्री व्यावसायिक!" लोक म्हणायचे, सुनीलभाऊचा आवाज तोच आहे, पण जरा दमानं घेतो हल्ली. कधी कधी वाटायचं, आपण फसवतोय. मग कोणीतरी टोपी सारखी करायचं आणि मी ते विसरायचो.

फेब्रुवारीत तात्या गेले. मी खांदा दिला. तोंड उघडं ठेवलं होतं, सगळे एकेक करून दर्शन घेत होते, मीही वाकून बघितलं. पांढऱ्या कापडात एक म्हातारा. कापूस घातलेलं नाक, मिटलेले डोळे. तो कोणीही असू शकला असता. बायका रडत होत्या आणि मी वाकून परक्याकडे बघत होतो. ज्यानं मला तोंडं बघायला शिकवलं, त्याचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही. त्या दिवशी मी रडलोसुद्धा नाही. माणूस गेल्याचं कानांनी कळलं होतं, पण आत कुठं ते टेकलं नव्हतं.

मे महिन्यात तात्यांच्या नातीचं, संस्कृतीचं, लग्न ठरलं. तात्यांचा मुलगा बाळासाहेब पत्रिका घेऊन घरी आला. "तात्या न्हाईत, पन तात्यांचा चेला तरी माईकवर पायजे," तो म्हणाला. मी नाही कसं म्हणणार होतो?

कार्यालय मंचरच्या बाहेर, हायवेला लागून. साडेअकराला गर्दी लोटली. दारात रत्ना, कानात तिचा आवाज, सगळं सुरळीत चाललं होतं. बाराच्या सुमाराला कानात एकदम शांतता झाली. नवरीला चुडा भरायला बायकांनी रत्नाला आतल्या खोलीत ओढून नेलं होतं, आणि त्या खोलीत मोबाईलला रेंज नव्हती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की मी एकटा आहे आणि दारातून माणसं येतायत.

पांढरा शर्ट, पांढरी टोपी. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. आमच्याकडे मानाचा माणूस दुसरं काही घालत नाही. मी "सर्व मान्यवरांचं स्वागत" म्हणून वेळ काढायला लागलो. एक जण स्टेजपाशी थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला लोकांचा राग दिसतो. रागावलेला कोण आहे, तेवढं दिसत नाही. माझ्या हातातला माईक ओला झाला होता.

तेवढ्यात दारात तपकिरी कोट दिसला.

तपकिरी कोट, तिरकी टोपी, खिशाला चमकणारं पेन, आणि गुडघ्यात किंचित वाकून टाकलेली ती जड पावलं. आणि माझ्या डोक्यात कुठंतरी शटर खडखडत वर गेलं. मला चेहरा दिसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. डाव्या डोळ्याखालचा तीळ, पुढच्या दोन दातांतली फट, हसताना बारीक होणारे डोळे, सगळं मिळून एक माणूस झालं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ओळखलं होतं! इतका आनंद झाला की बाकी काही आठवायला जागाच उरली नाही, आणि अठ्ठावीस वर्षांची सवय झालेल्या तोंडानं आपलं काम केलं.

"ज्यांच्या आवाजानं दोन तालुक्यांतली लग्नं लागली, ज्यांनी मला या माईकपाशी उभं केलं, ते अवसरीचे आपले कुंडलिक तात्या यांचं सहर्ष स्वागत!"

सनईची टेप चालू होती, ती कोणीतरी बंद केली. हजारभर माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. फक्त बायकांच्या बाजूला पुढच्या खुर्चीवरची एक म्हातारी उभी राहिली, तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि ती दाराकडे बघायला लागली.

कोटवाला थबकला होता. तो दोन पावलं जवळ आला आणि तात्यांचा चेहरा माझ्यादेखत विस्कटला. नाक राहिलं, डोळे राहिले, तात्या गेले.

"डोस्क्यावर पडला का रं?" तो माणूस ओरडला, आणि आवाजावरून मला कळलं की हे चिमाजी, तात्यांचे धाकटे भाऊ. "जित्या मानसाला मेल्याचं नाव लावतो, मांडवात? पोरीच्या लग्नात?"

त्यांच्या घरात पद्धत आहे. घरचा कर्ता गेला असेल, तर वर्षाच्या आतल्या कार्यात त्याचा कोट धाकट्या भावाच्या अंगावर घालून मांडवात आणायचा, म्हणजे तो आल्यासारखा होतो. तात्यांच्या बायकोनं, धोंडाकाकींनी, त्या दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं पेटीतून कोट काढून दिराला घातला होता, पेनसुद्धा खिशाला लावलं होतं. अख्ख्या मांडवाला हे समजत होतं. कोट बघून माणूस ओळखणारा तिथं मी एकटाच होतो.

बाळासाहेबानं मला दंडाला धरून स्टेजच्या पडद्यामागं नेलं. चिडला होता, पण माणूस समजूतदार. "घेतलीय का सकाळ सकाळ?"

मी नाही म्हणायच्या आतच तो म्हणाला, "घेतली आसंल तर तसं सांग. चुलत्याच्या पाया पड, दोन शिव्या खा. लोक म्हनतील, तात्याच्या आठवनीत जास्ती झाली. आट दिसात इसरतील. पुढच्या लग्नांना बोलावतील बी."

खरंच होतं ते. दारूला आमच्याकडे माफी आहे. हो म्हणालो असतो तर माईक वाचला असता. मी तोंड उघडलंसुद्धा.

पडदा बाजूला झाला आणि ती म्हातारी आत आली, पुढच्या खुर्चीवरची. पांढरे केस, मोकळं कपाळ, सुरकुत्या. माझ्या तळव्यांना दरदरून घाम सुटला, पण ती कोण हे मला कळेना. मग ती बोलली.

"सुन्या, कुटं दिसलं रं त्ये?" धोंडाकाकींचा आवाज होता. "मी दारापतूर बगितलं. मला न्हाई दिसलं. मला बी दाव की."

बाळासाहेब म्हणाला, "आये, तो प्यायलाय," आणि काकींनी ऐकूनच घेतलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. आशा होती, आणि ती मी, माईकवरून, हजार माणसांसमोर त्यांना दिली होती. आता तिला दारूचा वास लावायचा? माझ्यानं नाही झालं.

मी पडदा सारून पुढं गेलो. माईक तोंडाशी धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

"मंडळी, मी घेतलेली न्हाई," मी म्हणालो. "गनपतीनंतर मला झटका आला, तवापासनं मला कुनाचंच तोंड वळखू येत न्हाई. तुमी पुढं येऊन उबे ऱ्हायले तरी न्हाई. माज न्हाई आलेला मला. आजपतूर नावं माजी बायकू कानात सांगत व्हती. आज ती आत गेली आन् मी कोट बगून बोललो. चिमाजीकाका, माफी करा. आता हे काम मला जमायचं न्हाई."

माईक खुर्चीवर ठेवला तेव्हा तो घरंगळला आणि स्पीकर जोरात कोकलला. स्पीकर माझाच होता. मग भटजींनीच माईक उचलला आणि अक्षता वाटा म्हणून सांगितलं. चिमाजीकाकांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि त्या क्षणी ते गर्दीत माझ्यापुरते नाहीसे झाले. मंगलाष्टकं सुरू झाली. कोणी माझ्याजवळ आलं नाही.

धोंडाकाकी तेवढ्या पडद्याआड थांबल्या होत्या. नातीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि त्यांनी माझा हात धरून विचारलं, "खोटं बोललास का मग? दिसलंच न्हाई का तुला?"

"दिसलं, काकी. देवाशपथ दिसलं. एक घटका."

"कसं दिसत व्हतं?"

मी सांगितलं. तीळ सांगितला, हसताना बारीक झालेले डोळे सांगितले, पुढच्या दोन दातांतली फट सांगितली. काकींनी पदराचा बोळा तोंडात धरला. हसतायत की रडतायत ते आधी समजेना.

"आरं, पुढचं दात पडून धा वर्सं झाली त्येंचं," त्या म्हणाल्या. "कवळी बसवली व्हती. तुला दिसलं त्ये तरनेपनीचं. माज्या डोळ्यांम्होरं तर निसतं त्ये शेवटचं, दवाखान्यातलं येतं. चांगलं हाय तुजं."

चांगलं आहे! मी त्यांना काय सांगणार होतो? पण त्याच वेळी, त्या पडद्यामागं, तात्या गेले हे मला आतून कळलं, आणि फेब्रुवारीत राहिलेलं रडू मला मेमध्ये आलं.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मी बाहेर पार्किंगमध्ये टेम्पोला टेकून उभा होतो. हायवेवरून कांद्याच्या गाड्या जात होत्या. खिशात फोन दोनदा वाजला. दोन्ही पुढच्या आठवड्यातली लग्नं. मी उचलला नाही. थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या आणि एक बाई येऊन शेजारी उभी राहिली. बांगड्या रत्नाच्या होत्या.

"माज्यामुळं झालं," ती म्हणाली. "मी आत जायलाच नको व्हतं."

"तुझं काय चुकलं?"

तीही टेम्पोला टेकली. मग हळूच म्हणाली, "काकी सांगत व्हत्या, तुमाला तात्यांचं तोंड दिसलं म्हनून. म्हंजी येतं का तसं कदी? मधीच?"

"आजच आलं."

"आन् माजं?"

हा प्रश्न तिनं आठ महिने विचारला नव्हता. खोटं बोलायचा मला आता कंटाळा आला होता.

"येतं. डोळे मिटले की येतं," मी म्हणालो. "मुंडावळ्या बांधल्यात. नाकाचा शेंडा घामानं चमकतोय. मान खाली घालून तू डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघतेयस."

ती लग्नाच्या दिवशीची. एकोणीस वर्षांची. त्यानंतरची तीस वर्षं, माझ्या उशाशी जागणारी, दारात ताट धरून मला नावं पुरवणारी, ती मला एकदाही दिसलेली नाही. मी डोळे उघडले. समोर पन्नाशीची एक बाई होती, कपाळाला मोठं कुंकू, नाकात मुरणी. तिचे डोळे भरले होते, ते मला दिसत होतं.

"म्हंजी ही मी न्हाईच कुटं," ती म्हणाली.

पुण्यात ज्याला तारा लावल्या होत्या तो माझा हात तिनं हातात घेतला, उलटा केला आणि तळवा बघितला. घामानं निथळत होता. तिनं पदरानं तो पुसला. पुन्हा ओला झाला. तिनं पुन्हा पुसला.